शंभराव्या टर्नला तीनच शहरं

'सिव्हिलायझेशन ६' या खेळात मी जे डाव हरले, त्यांतले बहुतेक पहिल्या पन्नास-साठ टर्नमध्येच हरून बसले होते. हे लक्षात यायला फार उशीर लागला, कारण हार दिसायची ती दीडशे-दोनशेव्या टर्नच्या आसपास. शेजाऱ्याचे घोडेस्वार सीमेवर येऊन उभे राहायचे, त्यांच्यासमोर माझे जुनेपुराणे भालेवाले असायचे, आणि मी त्या क्षणातच चूक शोधायचे. सैन्य कमी पडलं, तटबंदी उशिरा बांधली, तह करायला हवा होता. खरं कारण तिथे नसायचंच. ते कित्येक शतकं मागे, एका रिकाम्या नदीकाठी असायचं. तिथे मी शहर वसवलेलं नसायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिड मायर यांच्या नावाने ही मालिका १९९१ पासून चालू आहे आणि सहावा भाग २०१६ मध्ये आला. डाव सुरू होतो इसवी सनापूर्वी ४००० मध्ये. तुमच्या हाती एक सेटलर, म्हणजे शहर वसवणारा जथा, आणि एक साधा योद्धा. बाकी सगळा नकाशा झाकलेला. त्यातून शहरं, शेती, विद्या, धर्म, व्यापार, युद्ध असं उभं करत साधारण वेगाच्या डावात ५०० टर्नपर्यंत जायचं. तुम्ही 'नेक्स्ट टर्न' दाबत नाही तोवर काहीच हलत नाही. चहा घेऊन या, फोनवर बोलून या, तुमचं साम्राज्य तसंच थांबलेलं असतं.

माझी गफलत इथूनच सुरू झाली. जग आपल्यासाठी थांबतं म्हटल्यावर वेळ फुकट आहे असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात या खेळात टर्नइतकं महाग दुसरं काही नाही. चाळिसाव्या टर्नला वसवलेलं शहर आणि ऐंशीव्या टर्नला वसवलेलं शहर यांत फरक फक्त चाळीस टर्नचा नसतो. पहिल्या शहरात तोवर लोकसंख्या वाढलेली असते, विद्यापीठाचा पाया पडलेला असतो आणि कदाचित तिथूनच पुढचा सेटलर निघालेला असतो.

मी मात्र राजधानीच्या प्रेमात पडायचे. सेटलर तयार करायचा तर शहराची लोकसंख्या किमान २ लागते आणि तो निघाला की त्यातला १ कमी होतो. मला ते बघवत नसे. इतक्या मेहनतीने ४ वर आणलेलं शहर पुन्हा ३ वर कशाला न्यायचं? शिवाय प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग होत जातो. पहिल्याला ८० उत्पादन लागतं, मग दर वेळी ३० ची भर. म्हणून मी म्हणायचे, आधी राजधानी भक्कम होऊ दे, मग बाकीची शहरं स्वस्तात उभी राहतील. हा हिशेब पूर्ण उलटा होता. थांबल्याने काहीच स्वस्त होत नव्हतं आणि चांगल्या जागा मात्र शेजारी घेत होते.

ही चूक दाखवली माझ्या भाच्याने. दिवाळीच्या सुट्टीत तो नाशिकला आला होता. माझा डाव पाहत मागे बसला होता, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मावशी, शंभरावा टर्न आलाय आणि तुझी तीनच शहरं आहेत. रोमची मोज बरं." रोमची माझ्या दुपटीहून जास्त होती. मग त्याने मला रोमचा राज्यकर्ता त्राजान याचा स्वभाव वाचायला लावला. या खेळात प्रत्येक राज्यकर्त्याची एक उघड आवडनिवड असते आणि एक गुप्त. ज्यांच्या ताब्यात थोडाच मुलूख आहे, त्यांना त्राजान कमी लेखतो. मी तर समजत होते की कुणाच्या वाटेला न जाणारं छोटं राज्य सगळ्यांना आवडेल. त्याच्या नजरेत माझा छोटेपणा हाच दोष होता आणि त्याने पुढे माझ्यावर सैन्य आणलं ते त्यामुळेच. नवा राज्यकर्ता भेटला की आता मी आधी त्याची आवडनिवड वाचते आणि त्याच टर्नला २५ सोनं खर्चून शिष्टमंडळ पाठवते. पहिल्या भेटीत तो ते सहसा स्वीकारतो. नंतर मन कलुषित झालं की स्वीकारेलच असं नाही.

शहरं लवकर वसवायची हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. दिसेल तिथे झेंडा रोवू लागले. एकदा तर रेशीम, मसाले आणि हस्तिदंत एकाच टापूत सापडले म्हणून हरखून तिथे शहर वसवलं, आणि आसपास नदी नाही, तळं नाही, याकडे बघितलंच नाही. खेळात प्रत्येक शहराला हाउसिंग नावाची मर्यादा असते. नदी किंवा तळ्याकाठच्या शहराला सुरुवातीला ५ मिळतात, समुद्रकाठच्याला ३, कोरड्या जागी फक्त २. लोकसंख्या या आकड्याच्या एक पायरी खाली आली की वाढ निम्म्यावर येते आणि बरोबरीला पोहोचली की जेमतेम पाव उरते. माझं ते संपन्न शहर कितीतरी काळ २ वर अडकून पडलं. धान्य भरपूर होतं, पण राहायला जागा नव्हती. सगळ्यात हळहळ वाटते ती याची, की त्या डावात मी भारत निवडला होता आणि भारताला या खेळात बारव बांधता येते. इरिगेशन शिकलं की बिल्डर, म्हणजे बांधकाम करणारा जथा, सपाट जमिनीवर बारव खोदू शकतो. त्याने अन्नही वाढतं आणि हाउसिंगही. आमच्याकडच्या जुन्या बारवा मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, कोरड्या मुलखात माणूस टिकला तो अशा पाण्यावर हे मला ठाऊक होतं. तरी पडद्यावर ते चिन्ह समोर असताना मी शेतामागून शेत करत राहिले.

डिस्ट्रिक्टच्या बाबतीत मी करून घेतलेलं नुकसान तर मोजताच येणार नाही. सहाव्या भागात शहराच्या इमारती एका चौकटीत कोंबलेल्या नसतात. विद्येसाठी कॅम्पस, धर्मासाठी होली साइट, व्यापारासाठी कमर्शियल हब, असे विभाग नकाशावरच्या वेगवेगळ्या षटकोनी टाइलवर मांडावे लागतात. शेजारी काय आहे यावर त्यांचं फळ ठरतं. कॅम्पसला लागून जितके डोंगर तितकं विज्ञान, हब नदीकाठी असेल तर २ सोनं जास्त. मी डोंगराच्या कुशीतली उत्तम टाइल खाणीला देऊन टाकायचे आणि कॅम्पस उघड्या माळावर ठेवायचे, कारण खाणीचं उत्पादन लगेच दिसत होतं. पहिला डिस्ट्रिक्ट लोकसंख्या १ असतानाच मांडता येतो, दुसरा ४ ला, तिसरा ७ ला. जागा थोड्याच मिळतात. तेव्हा शहर वसवलं की लगेच पुढची शंभर वर्षं डोळ्यांसमोर आणून कुठे काय येणार हे ठरवायला हवं. नकाशावर खुणेच्या पिना लावायची सोय खेळातच आहे. ती मी बराच काळ वापरलीच नाही.

आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर! तुम्ही जितक्या विद्या शिकता तितकी डिस्ट्रिक्टची किंमत चढत जाते. पण एकदा टाइलवर पाया घातला की त्या डिस्ट्रिक्टची किंमत तिथेच गोठते. बांधकाम लगेच पुढे नेलं नाही तरी चालतं. नुसता पाया घाला, मग सेटलर किंवा सैनिक तयार करा, नंतर परत या. मी नेमकं उलट करायचे. सगळं सवडीने, सगळं नंतर. नंतर म्हणजे दीडपट, दुप्पट.

आश्चर्यांबद्दल, म्हणजे पिरॅमिड, स्टोनहेंज वगैरेंबद्दल, फार लिहीत नाही. नवख्याला त्यांचा मोह होतोच. मलाही झाला. स्टोनहेंजला १८० उत्पादन लागतं, म्हणजे जवळपास पहिल्या दोन सेटलरइतकं. दोन-तीन टर्न उरलेले असताना दुसऱ्या कुणी ते पूर्ण केलं की सगळी मेहनत वाया. चीनचा छिन शी हुआंग शेजारी असेल तर आणखी जपावं, त्याला स्वतःला आश्चर्यं बांधायची असतात आणि त्याच्याआधी कुणी बांधलेली त्याला खपत नाहीत.

रानटी टोळ्यांनी मला सर्वांत जास्त रडवलं. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण एका डावात लागोपाठ दोन सेटलर त्यांच्या हाती गेले आणि मी लॅपटॉप बंद करून ठेवला होता. मला वाटायचं, हे लोक अचानक कुठूनही उगवतात, हा नशिबाचा भाग आहे. तसं नाही. त्यांचा एक टेहळणीवाला आधी फिरत येतो. त्याला तुमचं शहर दिसलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं. मग तो आपल्या छावणीकडे परत पळतो. तो पोहोचला की छावणीतून हल्लेखोरांची रांग लागते. म्हणजे मारायचं असतं ते त्या एकट्याला, आणि तो पोहोचायच्या आत. मी त्याला निरुपद्रवी समजून जाऊ द्यायचे आणि दहा टर्नांनी पाच-सहा जण दारात आले की घाबरून सगळं सोडून सैन्य उभारायचे.

दुसरं म्हणजे छावण्या फक्त तिथेच उगवतात जिथे त्या वेळी कुणाची नजर पोहोचत नाही. नकाशा उघडून झाल्यावर मी माझे टेहळे पार दुसऱ्या टोकाला पाठवून द्यायचे आणि घरामागचा डोंगराळ पट्टा पुन्हा धुक्यात जायचा. आता एखादा जुना योद्धा मी टेकडीवर उभा करून ठेवते. तो लढत नाही, काही करत नाही, फक्त बघतो. तेवढ्या नजरेने तो पट्टा सुरक्षित राहतो. सेटलरबरोबर तर सैनिक दिल्याशिवाय त्याला हलवत नाही. आणि सुरुवातीच्या काळात 'डिसिप्लिन' हे पॉलिसी कार्ड, म्हणजे राज्याचं एक धोरण, लावते. टोळ्यांशी लढताना त्याने ५ बळ जास्त मिळतं. पुढे नवा सिव्हिक, म्हणजे समाजव्यवस्थेतली नवी पायरी, पूर्ण झाला की कार्डं फुकटात बदलता येतात, हेही मला ठाऊक नव्हतं. एकदा लावलेलं कार्ड मी डावाच्या मध्यापर्यंत तसंच ठेवायचे. सेटलर ५० टक्के जास्त वेगाने तयार करणारं 'कॉलनायझेशन' हाताशी असताना ते कधी लावलंच नाही.

टोळ्यांचा एक उपयोगही आहे. खेळात बहुतेक विद्यांसाठी एक युरेका असतो. ठरावीक काम प्रत्यक्ष केलं की ती विद्या बऱ्याच अंशी आपोआप शिकली जाते. गोफणवाल्याने एक शत्रू मारला तर धनुर्विद्या, तीन टोळीवाले मारले तर कांस्यविद्या, समुद्रकाठी शहर वसवलं तर नौकानयन. मी या अटी कधी वाचायचेच नाही. यादीतली वरची विद्या निवडायची आणि पुढे जायचं. आता अर्धी शिकलेली विद्या मध्येच सोडून देते, अट पूर्ण होईपर्यंत दुसरी घेते. हे सुचल्यावर मला या खेळाच्या रचनेबद्दल मनापासून आदर वाटला. डोंगराळ मुलखातलं राज्य खाणीकडे ओढलं जातं, किनाऱ्यावरचं जहाजांकडे. जिथे राहता ते तुम्हाला शिकवतं, असं काहीतरी यात आहे, आणि आकडेमोडीच्या पलीकडे मी अजूनही हा खेळ खेळते ते त्यासाठीच.

सोनं साठवण्याची सवयही सोडावी लागली. हजारभर सोनं पडून असायचं आणि मला त्याचं समाधान वाटायचं. ते कुठल्यातरी संकटासाठी होतं. संकट आलं तेव्हा त्यात चार सैनिकही धड आले नाहीत, आणि तेच सोनं शंभर टर्न आधी बाजार, धान्यकोठार, बिल्डर यांत गेलं असतं तर संकटच वेगळं असतं. एकाच चैनीच्या वस्तूचे दोन साठे असतील तर दुसऱ्याने तुमच्या लोकांचं समाधान वाढत नाही. तो शेजाऱ्याला विकावा.

या सगळ्याहून मोठी चूक मी पातळी निवडताना केली होती. खेळात काठिण्याच्या आठ पातळ्या आहेत. चौथी 'प्रिन्स', तिथे संगणकाला वेगळी मदत नसते. हरून हरून मी सगळ्यात खालच्या पातळीवर गेले आणि तिथे बराच काळ राहिले. तिथे तीन शहरांवरही जिंकता येतं. पाण्याविना शहर वसवा, कॅम्पस माळावर ठेवा, काही बिघडत नाही. मी जिंकत होते आणि माझ्या सगळ्या चुका पक्क्या होत होत्या. प्रिन्सवर परत आले तेव्हा पहिल्याइतकीच हरले.

भाच्याने जाताना एक रीत सांगितली, तिचा मला खरा उपयोग झाला. खेळ अधूनमधून डाव आपोआप साठवत असतो. पन्नासाव्या टर्नचा साठवलेला डाव वेगळ्या नावाने ठेवून द्यायचा. पुढे हरलो की नवा डाव सुरू करायचा नाही, तो पन्नासावा टर्न उघडायचा. नकाशा आता माहीत असतो, कोण कुठून येणार तेही माहीत असतं, म्हणून जिंकण्याला तिथे अर्थ नाही. फक्त बघायचं, की त्या टर्नला माझ्यासमोर काय काय होतं आणि मी काय निवडलं. रोमने सैन्य आणलेल्या त्या डावाचा पन्नासावा टर्न मी असाच उघडला. राजधानीत स्टोनहेंज चालू होतं. तिजोरीत साडेतीनशे सोनं होतं, म्हणजे एक सेटलर त्याच टर्नला विकत घेता आला असता. आणि पाच टाइलवर, डोंगर आणि नदी यांच्या मधोमध, ती जागा रिकामी होती. पुढे रोमने तिथेच शहर वसवलं आणि तिथूनच त्याचे घोडेस्वार आले.