लातूरची धाकटी पाती

गेल्या विकांताला बोर्दोला जाऊन आलो. सध्या अस्मादिक पॅरिसला ऑनसाईट आहेत, आणि टीजीव्हीनं बोर्दो दोनेक तासांवर. तिथे एका दुकानात 'शातो लातूर' दिसली. उच्चार खरंच असाच आहे बरं का! आमच्यातला एक जण खुद्द लातूरचा. तो त्या बाटलीपाशी इतका भावुक झाला की दुकानदाराला वाटलं, हा आता घेतोच. मग त्यानं किंमत पाहिली. असो.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मग 'ले फोर द लातूर' घ्या, त्यांचीच दुसरी वाईन." तीही दोनशे युरोंच्या वर! शेवटी चौघांनी वर्गणी काढली.

तर ही दुसरी वाईन म्हणजे काय भानगड? 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनींची प्रतवारी झाली, त्यात लातूर पहिल्या वर्गात बसली. आता हे नाव टिकवायचं तर सगळाच माल त्या नावाखाली विकून चालत नाही. म्हणून मळ्याच्या तुकड्यातुकड्याची वाईन वेगळी बनवतात आणि हंगामानंतर मंडळी एकेक चाखून ठरवतात, ही थोरल्या पातीची, ही धाकट्या. पूर्वी बोर्दोत असा उरलेला माल घाऊक विकून टाकायचे. लातूरनं 1966 च्या पिकापासून त्याला स्वतःचं नाव दिलं. आपल्या भाषेत, कोड डिलीट न करता वेगळा ब्रांच काढला.

धाकट्या पातीत येतात मुख्य मळ्याबाहेरच्या काही तुकड्यांची द्राक्षं, आणि मळ्यातल्याच कोवळ्या वेलींची. म्हातारी वेल मेली की त्याच ओळीत नवी लावतात. तिची मुळं अजून खोल गेलेली नसतात, म्हणून तिची द्राक्षं वेगळी खुडतात. साधारण दहा-बारा वर्षांनी ती थोरल्या पातीत बसते.

दुकानदार हे रंगवून सांगत होता आणि मला मात्र शुक्रवार आठवत होता. मॅनेजर म्हणाला होता, टीममधला एक जण मुख्य मॉड्यूलवरून काढून सपोर्टला टाक, नाव तू ठरव. मी दहा मिनिटांत मेल केला. सगळ्यात नवा पोरगा, पुण्यात बसतो, अजून वर्षही झालं नाही. मला दादा म्हणतो. सोमवारी त्याला फोन करायचा होता, आणि "सपोर्टमधे पण खूप शिकायला मिळतं रे" हे वाक्य तयार होतं. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मला कुणीतरी ऐकवलं होतं. ते खोटं आहे हे मला तेव्हाही कळलं होतं.

रात्री हॉटेलात प्लॅस्टिकच्या ग्लासात बाटली उघडली (दुकानदारा, माफ कर!). नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीसारखा वास, जिभेवर तुरट, आणि मग बराच वेळ रेंगाळणारी चव. लातूरकर म्हणाला, "ही धाकटी असेल तर थोरली काय असेल!" मला मात्र ती वेल डोक्यातून जाईना. तिची द्राक्षं बाजूला काढतात, पण तिला त्याच ओळीत ठेवतात. तेच पाणी, तीच छाटणी. मी तर पोराला मळ्यातूनच उपटत होतो.

रविवारी मॅनेजरला दुसरा मेल केला. पोरगा सपोर्टला जाईल, पण मुख्य मॉड्यूलच्या डिझाईन रिव्ह्यूला बसेल, त्याचा कोड मीच बघेन, आणि सहा महिन्यांनी तो परत येईल. उत्तर आलं, रिव्ह्यू चालेल, तारीख लिहून देता येणार नाही.

सोमवारी फोन केला. ते वाक्य बोललो नाही. नाव मीच दिलं, हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे दादा."

ठीक नाहीये, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. येत्या गुरुवारी पहिला रिव्ह्यू आहे. बघू.