डाव्या डोळ्याची आखणी

डावा डोळा काढला त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी सलग झोपले. हे सांगितलं की लोक चमकतात. पण काचबिंदूचा ठणका ज्यांनी सोसलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. माझा मधुमेह पंचवीस वर्षांहून जुना. आधी डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाला, मग लेसर झालं, मग डोळ्यात इंजेक्शनं झाली. एवढं करूनही बुबुळावर नको त्या रक्तवाहिन्यांचं जाळं उगवलंच. त्या जाळ्याने डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बुजवली आणि दाब चढत गेला. दिसायचं केव्हाच बंद झालं होतं, उरला होता कपाळापासून दाढेपर्यंतचा ठणका. डॉक्टरांनी डोळ्याचं बाहेरचं पांढरं कवच तसंच ठेवून आतलं सगळं काढलं आणि त्या जागी एक गोळी बसवली. कवचाला स्नायू जोडलेले असतात, त्यामुळे पुढे वर बसवायचा डोळाही थोडा हलतो, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. बाकीचं मी विचारलं नाही.

जखम भरायला वेळ लागला. तीन महिन्यांची साखर जास्त असली की सगळ्यालाच वेळ लागतो, हे मला पायाच्या बोटाने आधीच शिकवलं होतं. खोबण आकसू नये म्हणून पापण्यांच्या आत एक पारदर्शक वाटी ठेवलेली होती. सहा-आठ आठवड्यांनी सूज पूर्ण ओसरली की मग कृत्रिम डोळा.

पहिला डोळा घेतला तो तयार. एका दुकानात कंपासपेटीसारख्या पेटीत मांडून ठेवलेले होते, लहान, मध्यम, मोठे. दुकानदाराने दोन-तीन घालून बघितले आणि त्यातल्या त्यात बरा बसला तो दिला. तो जरा वर बघायचा. मागे पोकळी राहायची, तिथे चिकट पाणी साठायचं आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. तरी मी तो वर्षभर वापरला, कारण दवाखान्यांचा कंटाळा आला होता. शेजारची चार वर्षांची नात एकदा माझ्या मांडीवर बसून निरखत राहिली आणि म्हणाली, "आजी, तुझा हा डोळा नवा आहे?"

पोरीने नेमकं बोट ठेवलं. डोळा खोटा दिसत नव्हता, तो नवा दिसत होता. साठी ओलांडलेल्या, पिवळसर पडलेल्या, लाल शिरांच्या उजव्या डोळ्याशेजारी तो पांढराशुभ्र, एकसारखा तपकिरी, विशीतला डोळा बसला होता. मी साताऱ्याला शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना 'रंग डबीतून थेट कागदावर लावायचा नाही' हे सांगून सांगून माझा घसा बसला. आणि माझ्याच तोंडावर डबीतला रंग!

पुण्यात एके ठिकाणी माप घेऊन हाताने रंगवलेला डोळा करून देतात असं कळलं. तिथला मुलगा तिशीच्या आतला. मला आधी 'काकू' म्हणाला, मी काय शिकवायचे ते कळल्यावर 'बाई' म्हणायला लागला. त्याने आधी खोबणीचं माप घेतलं. पोकळ दांडीच्या छोट्या वाटीतून पिचकारीने गार लगदा आत सोडला आणि सरळ समोर बघायला सांगितलं. दोनेक मिनिटांत तो घट्ट झाला. वास ओळखीचा होता. माझी कवळी केली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी हाच लगदा तोंडात धरायला लावला होता. मी तसं म्हटल्यावर तो खुलला. हे कामच निम्मं दंतवैद्यकातून आलंय म्हणाला. पूर्वी डोळे खरोखर काचेचे असत आणि जर्मनीतल्या लाउशा गावचे काचकारागीर त्यासाठी प्रसिद्ध होते. दुसऱ्या महायुद्धात तो माल अमेरिकेला मिळेना, तेव्हा तिथल्या सैन्यातल्या दातांच्या तंत्रज्ञांनी कवळीच्या ॲक्रिलिकचे डोळे करायला घेतले. आपण अजून 'काचेचा डोळा' म्हणतो, पण माझ्या डोळ्यात काच नाही. तो कवळीचा भाऊ आहे.

मापावरून मेणाचा डोळा झाला. तो घालून बघायचा, काढायचा, पापणी उजवीइतकी उघडत नसेल तिथे मेण चढवायचं किंवा खरवडायचं. त्यात अख्खी सकाळ गेली, पण त्याची घाई नव्हती आणि माझीही. फक्त अकराच्या सुमाराला मी बिस्किटं काढली. साखर खाली गेली की मला दरदरून घाम येतो आणि समोरच्याला वाटतं, बाई घाबरल्या.

दुपारी त्याने रंग काढले आणि मी खुर्ची पुढे ओढली.

बुबुळ साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटरचं. तो त्याहून जरा लहान चकतीवर रंगवतो, कारण वर पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट बसला की ते मोठं दिसतं. त्याने आधी गडद थर दिला, मग बाहुलीकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा. तपकिरी म्हणजे बर्न्ट अंबर, असं वाटणाऱ्यांनी त्याची पॅलेट बघावी. तिच्यात बर्न्ट सिएना होता, पिवळी माती होती, चक्क हिरवा होता. बाहुलीभोवती जरा उजळ, नागमोडी वलय आणि कडेला निळसर करडी धूसर रेघ. कडा धारदार ठेवली की डोळा बटणासारखा दिसतो, म्हणाला. प्रत्येक थरानंतर तो चकतीवर पाण्याचा थेंब टाकून वर पारदर्शक भिंग धरायचा, कारण सुकलेला रंग फसवतो. मग ती चकती घेऊन आम्ही दोघं खिडकीशी जायचो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळतोच असं नाही. माझ्या मुलांना मी हे किती वेळा सांगितलं होतं, आणि इथे एक जण न सांगता करत होता.

माझ्या काकांचा पेणला गणपतीचा कारखाना होता. सुट्टीत मी तिथे जायचे. अंगरंग, सोवळं, मुकुट, सगळी कामं पोरांना मिळायची, डोळ्यांची आखणी मात्र काका स्वतः करायचे आणि तेव्हा कारखान्यात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. हा मुलगा रंगवताना माझाही आवाज आपोआप उतरला. पण फरक मोठा होता. गणपतीचे डोळे निर्दोष हवेत. इथे दोष हवे होते, आणि ते मोजून.

उजव्या बुबुळाच्या कडेला माझ्या वयाची पांढरट कड आली आहे. ती त्याने डावीकडे काढली, वर ठळक, खाली पुसट, जशी उजवीकडे आहे तशी. बाहुली नेहमीपेक्षा लहान ठेवली, कारण मधुमेहींची बाहुली बऱ्याचदा लहान राहते आणि माझी तशीच आहे. रंगवलेली बाहुली प्रकाशाप्रमाणे लहानमोठी होत नाही, तेव्हा माझ्या घरातला उजेड कसा असतो, बाहेर किती जाते, हे त्याने विचारून घेतलं. पांढऱ्या भागात नाकाकडच्या कोपऱ्याला पिवळसर छटा दिली. मग लाल रेशमाचे तंतू सुईने सोडवून एकेक शीर मांडली. सगळं उलटं मांडायचं, कारण डावा डोळा ही उजव्याची नक्कल नसते, आरशातलं प्रतिबिंब असतं. एका जागी एक शीर त्याने चुकवली होती. मी दाखवली. "बाई, ती आज लाल आहे, उद्या नसेल," म्हणाला. कुठला दोष कायमचा आणि कुठला आजच्यापुरता, हे त्याला ठरवावं लागतं. माझ्यापेक्षा तो पुढे होता, मी गप्प बसले.

माझ्या भाचीने फोनवर सुचवलं होतं, 'एवढं करतेच आहेस तर मोरपिशी कर.' परदेशात असे हौशी डोळे करून घेणारे आहेत, आणि मला खरंच मोह झाला. अर्धा मिनिट. पण मला चित्र लावून फिरायचं नव्हतं, चित्र आहे हे कुणाला कळू नये अशा तोडीचं चित्र हवं होतं. फक्त एक हट्ट केला. त्याला म्हटलं, "सही कर." तो संकोचला, असं कुणी सांगत नाही म्हणाला. चित्रावर चित्रकाराची सही असते, एवढंच मी म्हणाले. वरच्या पापणीखाली झाकल्या जाणाऱ्या पांढऱ्या भागात त्याने अगदी बारीक अक्षरांत ती केली. मग वर पारदर्शक थर चढला, साचा गरम पाण्यात गेला आणि डोळा पॉलिश होऊन दुसऱ्या दिवशी मिळाला.

आता तो माझा आहे, म्हणजे सांभाळायलाही मलाच लागतो. बोटांना मुंग्या असतात, त्यामुळे छोट्या रबरी चोखणीने तो काढताना अंदाज चुकतो. खाली जाड टॉवेल अंथरून बसते. हे पूर्वी तोंड फिरवायचे, आता वाटी धरतात. तो सारखा काढायचाही नसतो. जितका हाताळाल तितका त्रास. डोळा कितीही देखणा झाला तरी दिसत नाही ते नाहीच. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवते, जिना उतरताना कठडा सोडत नाही, रस्त्यात यांना डाव्या बाजूला ठेवते. चष्म्याला पॉलिकार्बोनेटच्या काचा आहेत, नंबरासाठी नाही, उरलेला एकुलता डोळा जपायला. चित्र काढताना मात्र अडत नाही. पेन्सिल लांब धरून माप घेताना आम्ही चित्रकार एक डोळा मिटतोच. मला आता मिटावा लागत नाही.

वर्षातून एकदा पॉलिशला जाते. यंदा गेले तेव्हा त्याने उजवा डोळा बॅटरीने बघितला आणि जुना फोटो शेजारी धरला. मोतीबिंदू वाढला आहे, बाहुली करडी दिसायला लागली आहे. डावी बाहुली काळीभोर, तेव्हा फरक कळतो. मी म्हटलं, मग डावीही करडी कर. तो म्हणाला, "नको बाई. तुमचं ऑपरेशन झालं की उजवी पुन्हा काळी होईल. तोवर डावीच बरोबर आहे."

ऑपरेशन कधी, ते पडद्याचे डॉक्टर ठरवतील. ते म्हणतात, आधी साखर.