गळाचा रंग, ताटाचा रंग

वाचकहो, कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात मासेमारीची गोष्ट कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला तर त्यात नवल नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले, त्याचा उलगडा मला दवाखान्यात होण्याआधी गळ ठेवण्याच्या डबीत झाला. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी खंडाळ्याचा. नोकरी रेल्वेत झाली. घाटातली गाडी, बोगदे आणि धुके यांच्या संगतीत आयुष्य गेले. आता वयाची त्र्याहत्तर वर्षे पूर्ण झाली आहेत. तरुणपणापासून एकच छंद जडला, तो गळाने मासे धरण्याचा. परवानगी असेल तेथे, पवनेच्या फुगवट्याच्या काठावर, तुंग आणि तिकोन्याची शिखरे पाण्यात उतरलेली पाहत मरळीची वाट पाहायची. थंडीत कधी घाट उतरून धरमतरच्या खाडीवर जिताड्यासाठी जायचे. मासा लागो न लागो, चार तास मन एका जागी राहते, हा त्यातला खरा लाभ. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, तेव्हापासून हा छंद महिन्यातून एखाद्या सकाळवर आला. मुलगी घरी असली की मी बाहेर पडतो, आणि दुपारच्या जेवणाआधी परततो.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडच्या तळ्यांत बास नावाचा मोठ्या तोंडाचा मासा असतो आणि तो धरण्याचे तिकडच्या लोकांना फार वेड. आपला जिताडाही इंग्रजीत आशियाई सी बास म्हणूनच ओळखला जातो. नाते मात्र नावापुरतेच. गेल्या ज्येष्ठात भाच्याने मला बनावट आमिषांची एक पेटी पाठवली. रबरी बेडूक, लाकडी मासोळ्या, रंगवलेले पत्र्याचे चमचे, सारे मिळून तीस नग. सोबत चिठ्ठी होती : ‘मामा, रंग पाणी पाहून निवडा.’

पाणी पाहून रंग

या एका वाक्यात बरेच शास्त्र आहे आणि ते आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पाणी प्रकाशातले सगळे रंग सारखे आत जाऊ देत नाही. स्वच्छ पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी विरतो. काही मीटर खोलीवर लालभडक वस्तू काळपट दिसू लागते. निळा आणि हिरवा प्रकाश मात्र खोलवर पोचतो. गढूळ पाण्याची तऱ्हा उलटी. आषाढात आमच्या मावळातले ओढे तांबडी माती घेऊन येतात, तेव्हा त्या पाण्यात निळा रंग लवकर हरवतो आणि पिवळा, पोपटी, नारंगी त्यातल्या त्यात टिकून राहतात.

म्हणून गळ टाकणाऱ्यांचे काही ठोकताळे ठरून गेले आहेत. कार्तिकात पाणी निवळले आणि ऊन स्वच्छ असले की चंदेरी, फिकट, खऱ्या मासोळीच्या अंगासारखा रंग घ्यावा. भडक रंगाने मासा बिचकतो. पाणी गढूळ असेल तर पोपटी किंवा नारंगी घ्यावा. आणि पहाटे वा तिन्हीसांजेला, उजेड अगदी मंद असताना, चक्क काळा घ्यावा.

काळ्याची गंमत नवशिक्याला पटत नाही. अंधारात काळे कसे दिसणार? पण पाण्यावर फिरणाऱ्या आमिषाकडे मासा खालून पाहतो. त्याच्या दृष्टीने मागे आकाश असते, आणि सांजेचे आकाशही पाण्यापेक्षा उजळ असते. त्या उजळ पडद्यावर काळी आकृती ठसठशीत उठते, पांढरी मात्र विरून जाते. बहुतेक माशांचे पोट पांढुरके असते ते याचमुळे. खालून पाहणाऱ्या शत्रूला ते आकाशात मिसळून गेल्यासारखे दिसावे, ही निसर्गाची योजना. थोडक्यात, रंग किती सुंदर यापेक्षा तो पाठीमागच्या रंगापासून किती वेगळा, यावर दिसणे अवलंबून असते. हे मी चाळीस वर्षे पाण्यावर वापरत होतो. घरात वापरायचे मात्र सुचले नाही.

पेटीतला गोंधळ

त्या रात्री जेवणानंतर मी पेटी उघडून आमिषांची वर्गवारी करायला बसलो. काळे एका कप्प्यात, निळे दुसऱ्यात, पांढरे तिसऱ्यात, पोपटी-पिवळे चौथ्यात. नात शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘‘आजोबा, काळ्यांत तीन निळे घातलेत तुम्ही. आणि हे पांढरं नाही, पिवळं आहे.’’ मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मला फरक कळेना. दिव्याखाली अगदी जवळ धरले तेव्हा कुठे तो अंधुकसा जाणवला.

मी ही फजिती फोनवर भाच्याला सांगितली, तर तो हसला. म्हणाला, ‘‘मामा, बासलाही नेमके हेच दोन फरक कळत नाहीत.’’ मग त्याने सांगितलेले मी पुढे वाचूनही पाहिले. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी या माशाला ठरावीक रंगाच्या खुणेकडे जाण्याची सवय लावली आणि त्याला कोणते रंग वेगळे ओळखता येतात ते तपासले. 2019 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल आणि हिरवा या माशाने चांगले ओळखले; पण काळा-निळा आणि पांढरा-पोपटी या जोड्यांत तो गोंधळला. कारण त्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्यासाठी आणि एक लालसाठी. आपल्याला निळ्यासाठी तिसरा प्रकार असतो.

तो तिसरा प्रकार असूनही माझी गत माशासारखी का व्हावी? वाढत्या वयात डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळसर होते आणि ते निळा प्रकाश अडवू लागते. निळे काळे दिसते. पांढऱ्यावर पिवळी झाक येते, त्यामुळे पांढरे आणि फिकट पिवळे सारखेच भासतात. शिवाय बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे सांगितले जाते. आणि हा बदल इतका सावकाश होतो की ज्याचा डोळा असतो त्याला तो उमगतच नाही. मला तो नातीने दाखवला.

लोणच्याची फोड

आता घरातली गोष्ट. ती सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगतो.

त्या दिवसांत पत्नीचे जेवण फार कमी झाले होते. दात दुखत म्हणून आम्ही तिला मऊ अन्न देत होतो : दहीभात, साधे वरण-भात, कधी साबुदाण्याची खीर. स्टीलचे ताट तिला जड होई, म्हणून मुलीने हलके, पांढरे मेलामाइनचे ताट आणले होते. ताटासमोर ती बसून राही. बोटे कडेवरून फिरत. मग ती लोणच्याची फोड उचली, गाजराची कोशिंबीर संपवी आणि हात आवरता घेई. भात तसाच.

मी म्हणे, ‘‘अगं, भात कोण खाणार?’’ ती म्हणे, ‘‘जेवले की.’’ मला वाटे, हा आजाराचा हट्ट. तिला चटकदार तेवढेच हवे. रक्तदाबाचा त्रास आहे म्हणून मी लोणचे बंद केले, गाजर दाताला लागते म्हणून कोशिंबीरही. त्यानंतर ती जवळजवळ काहीच खाईना. एके दिवशी मी आवाज चढवला. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, वाढलं तर जेवीन ना.’’

ताटात दहीभात होता. मी त्याकडे बोट दाखवून आणखी दोन शब्द बोललो. ते शब्द इथे लिहीत नाही.

पेटीचा प्रसंग त्यानंतर आठवड्याने घडला. भाच्याचा फोन ठेवला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मला एकदम ते ताट दिसले. पांढऱ्या ताटात पांढरा भात, त्यावर पांढरे दही. आकाशाखाली पांढऱ्या पोटाची मासोळी! लोणचे तिला आवडत होते म्हणून नव्हे, दिसत होते म्हणून ती उचलत होती. आणि जेवढे दिसत होते तेवढे मी काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून गडद लाल रंगाचे, नक्षी नसलेले ताट आणले. त्यात तोच दहीभात वाढला. तिने बोटे फिरवली नाहीत. सरळ घास घेतला. सगळा भात संपला असे नाही. निम्म्याहून थोडा जास्त गेला. पण मागच्या कित्येक दिवसांत तेवढा गेला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पीत उभा राहिलो.

पुढे कळले की हे काही माझेच निरीक्षण नव्हे. बोस्टनच्या संशोधकांनी 2004 साली अल्झायमरच्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पांढऱ्याऐवजी ठसठशीत लाल ताटे आणि पेले दिल्यावर त्यांचे खाणे सुमारे 25 टक्क्यांनी आणि पेय घेणे सुमारे 84 टक्क्यांनी वाढले. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे प्रत्येकाला एवढाच गुण येईल असे नाही. पण ताट बदलायला खर्च तो किती!

डॉक्टरांनी काय सांगितले

आम्ही दोघेही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दोघांनाही मोतीबिंदू होता. तिचा बराच पिकलेला. तीन वर्षे आम्ही तिच्या मेंदूचे डॉक्टर, गोळ्या, तपासण्या यांत इतके गुंतलो की डोळे तपासायचे कोणाच्या मनातच आले नाही. ती अडखळली, भिंत चाचपली, माणूस ओळखायला वेळ लावला, की आम्ही सारे स्मृतिभ्रंशाच्या खात्यात टाकत होतो. वाचकहो, माझी चूक आपण करू नका. स्मृती हरवत चाललेल्या माणसाला दिसेनासे झाले तर तो तसे सांगू शकत नाही. तो फक्त गोंधळलेला दिसतो.

शस्त्रक्रियेने तिची स्मृती परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले. भूल, थेंब घालण्याची शिस्त आणि डोळा चोळू न देण्याची दक्षता यांचा विचार करून आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर माझी. पट्टी निघाल्यावर मी पेटी उघडली. काळ्यांच्या कप्प्यात तीन निळी आमिषे स्वच्छ दिसत होती. मला त्यांची लाज वाटली.

घरात काय बदलले

आम्ही केलेले फेरफार साधे आहेत. आपल्या घरीही करून पाहता येतील. फिकट अन्न गडद ताटात आणि गडद अन्न फिकट ताटात वाढावे; नक्षीचे ताट टाळावे, कारण नक्षीही अन्नच वाटते. दूध पांढऱ्या पेल्यात देऊ नये. पायऱ्यांच्या कडेला वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी चिकटवावी. स्नानगृहातील आधाराची दांडी भिंतीच्या रंगाची नसावी, आणि पांढऱ्या फरशीवर कमोडची बैठक गडद रंगाची असावी. काळे पायपुसणे उचलून ठेवावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ते खड्ड्यासारखे भासू शकते. गोळ्या रंगावरून ओळखण्यावर विसंबू नये. वारानुसार कप्पे असलेली डबी वापरावी. दिवे वाढवावेत, पण उजेड डोळ्यांत घुसणारा नसावा. साठीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत, मधुमेह असेल तर न चुकता. आणि दृष्टी अचानक गेली, डोळा दुखून लाल झाला किंवा नजरेसमोर प्रकाशाचे झोत चमकू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

गेल्या मार्गशीर्षात पवनेच्या काठी आम्ही दोघे, मुलगी आणि नात असे गेलो. शेवाळलेल्या दगडांपासून दूर, सपाट जागी पत्नीसाठी खुर्ची मांडली. पाणी निवळले होते, ऊन चांगले होते. माझ्या हिशेबाने चंदेरी आमिष लावायला हवे होते. मी पेटी तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारले, ‘‘कोणता लावू?’’

तिने बराच वेळ पेटी न्याहाळली. मग लाल बेडकावर बोट ठेवले.

तोच लावला. तासाभरात एकही मासा फिरकला नाही. ती मात्र पाण्यावरचा तो लाल ठिपका शेवटपर्यंत पाहत होती, आणि मी दोर गुंडाळू लागलो तसे म्हणाली, ‘‘अजून एकदा टाका ना.’’

मी टाकला.