क्युसेक आणि मारुतीचा पार

जायकवाडी हे बीड जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव. गोदावरीवर मोठे धरण बांधायचा विचार हैदराबाद संस्थानात पहिल्यांदा झाला, तेव्हा जागा या गावाजवळची धरली होती. पुढे जागा बदलून धरण वर शंभरेक किलोमीटरवर पैठणला गेले, नाव मात्र जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. या धरणाला २७ दरवाजे आहेत. त्यांतून सुटलेले पाणी गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांच्या कडेने जाते.

इथली माणसे गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. तिच्या काठचा पट्टा म्हणजे गंगथडी. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी पूर आभाळावरून ओळखला. १७६३च्या ऑगस्टमध्ये याच काठावर, राक्षसभुवनला, नदीच्या पुराने निजामाची फौज दुभंगली आणि अलीकडे अडकलेल्या दिवाण विठ्ठल सुंदरच्या सैन्यावर थोरल्या माधवराव पेशव्यांनी झडप घातली. त्या काळी नदी वाढायची ती सर्वांच्या डोळ्यांदेखत. आता तसे राहिलेले नाही. पाऊस नाशिक-अहिल्यानगरकडे पडतो, जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, भरतो आणि गेवराईच्या शिवारात लख्ख ऊन पडलेले असताना पाणी चढू लागते. धरणाने नदीच्या पुराचे वेळापत्रक बदलले, ते असे.

अशा वेळी गावाला काय कळवले जाते? ‘विसर्ग ५० हजार क्युसेकवरून १ लाख क्युसेक करण्यात येत आहे. नदीपात्रातील मोटारी काढून घ्याव्यात, जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत.’ सूचना खरी असते, बहुतेकदा वेळेवरही असते. पण प्रस्तुत लेखकाला पाण्याचे हिशेब करताना गंगथडीच्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न आजही अस्वस्थ करतो : “साहेब, ते क्युसेक आम्हाला काय कळतंय? पाणी मारुतीच्या पाराला लागतंय का पारावरून जातंय, तेवढं सांगा.”

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस पैठणचा विसर्ग ३ लाख क्युसेकच्या घरात गेला, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ८५ लाख लिटर. हा वेग दिवसभर टिकला तर सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाहून जाते. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण पूर्ण भरले तरी त्यात ८ टीएमसी मावत नाही. म्हणजे पैठणच्या त्या विसर्गाने मांजरा धरण साडेसात तासांच्या आत काठोकाठ भरले असते. हे आकडे धरणावरच्या अभियंत्याला पुरेसे बोलके असतात. नदीकाठच्या घराला मात्र पाण्याची उंची हवी असते, आणि ती प्रत्येक गावात निराळी असते. पात्र रुंद असेल तिथे एक लाख क्युसेक निवांत निघून जाते. पात्र अरुंद असेल, पूल आडवा येत असेल किंवा ओढा येऊन मिळत असेल, तिथे तेच पाणी वस्तीत शिरते.

मंजरथला तर हा हिशेब आणखी अवघड होतो. माजलगाव तालुक्यातल्या या तीर्थाजवळ सिंदफणा गोदावरीला मिळते. सिंदफणेवर वर माजलगावचे धरण आहे, त्याला १६ दरवाजे. पैठण आणि माजलगाव दोन्हीकडून एकाच वेळी पाणी सुटले की गोदावरी सिंदफणेला पुढे सरकू देत नाही. फुगवटा मागे येतो, ओढे-नाले उलटे वाहू लागतात आणि नदीपासून दूर, आपण सुरक्षित आहोत असे समजणाऱ्या शेतांत पाणी साचते. पैठणचा एकटा आकडा इथे अपुरा पडतो. दोन्ही धरणांच्या विसर्गांची बेरीज आणि ते पाणी संगमावर पोहोचण्याची वेळ गावाला कळायला हवी.

विसर्गाला दोष देऊन मात्र भागत नाही. नाथसागराचा बांध मातीचा आणि सुमारे १० किलोमीटर लांबीचा आहे. मातीच्या धरणावरून पाणी गेले तर काय घडते, ते १२ जुलै १९६१ रोजी पानशेतने महाराष्ट्राला दाखवले. धरण वाचवण्यासाठी दरवाजे उघडावेच लागतात. प्रश्न आहे तो कधी आणि किती, याचा.

इथेच मराठवाड्याची कोंडी आहे. एप्रिल २०१६मध्ये मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१५मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले. ज्यांनी हे सोसले, त्यांना ऑगस्टमध्ये धरणातून थेंबभर पाणी सोडलेलेही सहन होत नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, याचा निवाडाही १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर, ६५ टक्क्यांच्या मोजमापावर होतो. त्यामुळे धरण लवकर भरून ठेवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. मग सप्टेंबरच्या शेवटी परतीचा पाऊस कोसळतो आणि भरलेल्या धरणात त्याला जागा नसते. सप्टेंबर २०२१मध्ये मांजराचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. नदीकाठच्या गावांत अडकलेल्या माणसांना काढायला बचाव पथके आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. त्याच्या पाच वर्षे आधी ज्या धरणाच्या तळाला भेगा होत्या, तेच हे धरण.

महिनावार पातळी ठरवून देणारी जलाशय परिचालन सूची पुरासाठी जागा वेळेत रिकामी ठेवण्यासाठीच असते. ५० हजार क्युसेकने चार दिवस सोडलेले पाणी आणि २ लाख क्युसेकने एका दिवसात सोडलेले पाणी मोजायला सारखेच, सतरा टीएमसीच्या वर. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या पाण्यात मोटारी काढायला सवड मिळते, दुसऱ्यात जमीनच वाहून जाते.

जमीन वाहून जाते, हे शब्दशः खरे आहे. वेगाने आलेले पाणी काळ्या मातीचा थर सोलून नेते आणि खाली मुरूम उघडा पडतो. काही शेतांत उलटे होते, वाळू आणि दगडगोटे येऊन बसतात. काठावरच्या विहिरी ढासळतात, गाळाने भरतात. बांध आणि हद्दीचे दगड गेले की मोजणीशिवाय कुणाचे रान कुठे संपते ते ठरत नाही. हे सारे सप्टेंबरात घडते. सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या असतात, कापसाची बोंडे फुटायला लागलेली असतात. पाणी तीन दिवस उभे राहिले की शेंगेतच दाण्याला कोंब येतो. तेवढ्यात वर्ष हातचे गेलेले असते.

ऑक्टोबर २०२५मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंतची कामे, तसेच गाळ भरलेल्या विहिरीसाठी ३० हजार रुपये अशी तरतूद होती. माती गेली हे वेगळे नुकसान आहे, याची दखल घेतली गेली हे महत्त्वाचे. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, मातीचा थर बनायला मात्र पिढ्या लागतात. म्हणून तलावांतला गाळ शेतात टाकण्याच्या कामात पहिला हक्क या खरवडलेल्या रानांना मिळायला हवा.

नियमांनी नदीला दोन रेषा आखून दिल्या आहेत, निळी आणि लाल. निळी साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे धरणांना आपत्कालीन कृती आराखडाही करावा लागतो. या रेषा आणि हे आराखडे कार्यालयातल्या नकाशावर आहेत, तिथून ते गावाच्या भिंतीवर उतरले पाहिजेत. त्याला मोठा खर्च लागत नाही. २०२१ आणि २०२५चे पाणी कुठवर आले होते, ते प्रत्येक गावातल्या जाणत्या माणसांना आजही बोट दाखवून सांगता येते. त्या खुणा आणि त्या वेळचा विसर्ग यांची सांगड घालून शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर ५० हजार, १ लाख, २ लाख, ३ लाख अशा रंगीत रेषा मारता येतील. धनेगावच्या खाली आणि मंजरथच्या संगमावर त्यांचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

जलसंपदा खात्याचे अभियंते, तलाठी, ग्रामपंचायत आणि गावातली म्हातारी माणसे एका दुपारी एकत्र बसली तर एका गावाचे काम होते. गेवराईपासून परळीपर्यंत गंगथडीच्या प्रत्येक गावात ते येत्या जूनच्या आधी व्हावे.