लेकीचं जन्मगाव पाहायला

मैत्रिणींनो, आपलंच गाव कधी परक्या बाईच्या डोळ्यांनी पाहिलंय? एका संक्रांतीला मला तशी संधी मिळाली. भाच्याच्या ओळखीचं एक स्वीडिश जोडपं आठ दिवस आमच्याकडे पुण्याला उतरलं होतं. सोबत त्यांची २६ वर्षांची लेक. जन्मानं पुण्याचीच, पण दहा महिन्यांची असताना दत्तक गेलेली. तेव्हा तिला विमानानं नेऊन त्यांच्या हाती सोपवलं होतं, त्यामुळे आईबापही भारत प्रथमच पाहत होते.

मला वाटलं, बाई धुळीला नि गर्दीला कंटाळणार. पण मंडईत कोथिंबिरीच्या ढिगापाशी ती उभीच राहिली. म्हणाली, "तिकडे सगळे माझ्या मुलीकडे वळून बघतात. इथे तिच्याकडे कुणी बघत नाही, माझ्याकडेच बघतात." हसली खरी, पण लेकीचा हात काही सोडला नाही. तुळशीबागेत तर कासारीण पोरीशी सरळ मराठीतच बोलू लागली. बिचारी गोरीमोरी झाली. बांगड्या मात्र मापाच्या एका दमात चढल्या हो!

संस्थेत जायच्या दिवशी कुणाला नाश्ता गेला नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. तेव्हापासून मूल कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर जात नसे, म्हणून कागद होते. पण जन्मदात्या आईचं नाव? मुलाला आपली मुळं शोधता येतात, पण त्यासाठी आईच्या खासगीपणाच्या हक्काला धक्का लावता येत नाही. नाव मिळालं नाही. लेक गप्प. बाप खिडकीबाहेर बघत बसला. परतताना रिक्षात आई माझ्या कानाशी म्हणाली, "मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटते." काय बोलणार मी? दोन पोरांची आई असून मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी शेजारी बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे ओतले, तशी पोरं तुटून पडली. ती बाई एकटक पाहत होती. हळूच म्हणाली, "हिचं कुणी केलं असेल का?"

शेजारच्या आजींना इंग्रजी येत नाही, पण त्यांना कळलं. उरलेलं माप त्यांनी त्या बाईच्याच हाती दिलं आणि लेकीला पाटावर बसवलं. २६ वर्षांच्या पोरीचं बोरन्हाण! आम्ही सगळ्या हसतोय, ती माउली ओततेय नि रडतेय. लेक खाली वाकून बोरं गोळा करत होती, शेजारच्या पोरांना हटवून.

जाताना बाईनं माझ्याकडून तिळगुळाची कृती लिहून घेतली. चिकीचा गूळ तिकडे मिळत नाही म्हणून अर्धा किलो बांधून दिला.