मोत्याचे लंगडणे

कुत्रा अचानक लंगडू लागला की पायाला हात लावण्याआधी त्याची चाल पाहावी. सपाट जागेवर त्याला सावकाश चालवावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागच्या पायाचे दुखणे कमरेच्या हिसक्यातून कळते. कुत्रा केकाटत नाही म्हणून दुखत नाही, ही समजूत चुकीची आहे. लंगडणे हीच दुखण्याची खूण असते.

रत्नागिरीकडच्या एका घरातला तांबूस गावठी मोत्या ऐन तारुण्यात मुंगसामागे करवंदीच्या जाळीत घुसला आणि तीन पायांवर परतला. तो पुढचा पंजा सारखा चाटत होता. दुखत असताना गरीब कुत्राही चावतो, म्हणून आधी मऊ फडक्याने त्याचे तोंड बांधले. (धाप लागलेल्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधू नये.) मग नखे, गाद्या आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासल्या. एका बेचकीत लाळेने भिजून चिकटलेले केस होते. ते बाजूला करताच काट्याचे काळे टोक दिसले. काटा चिमट्याने सरळ उपसून जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुतली. काटा खोल रुतलेला असता किंवा पू झाला असता, तर घरी कोरणे घातक ठरले असते. बेचक्यांत गोचिडीही दडतात. त्यांच्यामुळे येणाऱ्या तापात सांधे दुखून कुत्रा कधी एका, कधी दुसऱ्या पायाने लंगडतो.

पुढे गडग्यावरून उडी मारताना मोत्याचा मागचा गुडघा दुखावला. तो फक्त बोटे टेकून उभा राही. अशा वेळी तेल चोळणे, पाय ओढून पाहणे आणि माणसाची वेदनाशामक गोळी देणे हे तिन्ही टाळायलाच हवे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला बाधते. पशुवैद्याने तपासले तेव्हा अस्थिबंध ताणला होता, तुटला नव्हता. काही आठवडे त्याला साखळीला ठेवले, फक्त लघवी-शीपुरते बाहेर नेले. लंगडणे थांबताच मोकळे सोडण्याचा मोह होतो, पण दुखापत उलटते ती नेमकी तेव्हाच.

पाय लोंबत असेल, हाड दिसत असेल किंवा कुत्रा पाय अजिबात टेकत नसेल, तर वाट पाहू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर निजवून त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. कोकणात फुरशाचे भय मोठे. गवतातून आलेल्या कुत्र्याचा पाय भराभर सुजू लागला, तर आवळून बांधणे किंवा चिरा देणे यात वेळ घालवू नये. प्रतिविष लागते, आणि ते दवाखान्यातच मिळते.

म्हातारपणी मोत्याचे लंगडणे सकाळी जास्त असे आणि चार पावले चालल्यावर कमी होई. तो संधिवात होता. औषधाबरोबरच त्याचे वाढलेले वजन उतरवले आणि गुळगुळीत लाद्यांवर गोणपाट अंथरले. त्यामुळे उठताना त्याचे पाय घसरेनासे झाले.