पोट दिवसभर बोलत असतं

लहान मूल असलेल्या घरात मध्यरात्री उठणाऱ्या रडण्याची जात घरातल्या बाईला झोपेतही ओळखू येते. स्वप्नात दचकलेलं मूल कुशीत घेतलं की निवतं. पोटात कळ आलेलं मूल मात्र कडेवर ताठ होतं, गुडघे पोटाशी घेतं, क्षणभर शांत होतं आणि पुन्हा किंचाळतं. मग दिवे लागतात. कुणी हिंग कालवून बेंबीभोवती लावतं, कुणी तव्यावर ओवा शेकून त्याची पुरचुंडी बांधतं, कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधतं. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘आज काय खाल्लं होतं बाळाने?’

प्रश्न रास्त आहे, पण मला तो अपुरा वाटतो. काय खाल्लं, याच्या बरोबरीने केव्हा खाल्लं आणि किती वेळा मान फिरवल्यावर खाल्लं, हेही विचारायला हवं. नात घरात आल्यापासून हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तिला आता दोन वर्षं पूर्ण झाली आहेत. पहिल्या वर्षी चमचा दिसला की तोंड उघडणारी ही पोर आता दोन घास खाते आणि ताट सरकवते. सून कासावीस होते. ‘आई, दोनच घास खाल्लेत हो तिने. रात्रभर उपाशी कशी झोपेल?’ हा प्रश्न घरोघरी आहे आणि त्याचं उत्तर वजनकाट्यावर सापडतं. जन्मताना साधारण 3 किलोचं बाळ वर्षभरात 9 किलोंच्या आसपास जातं, म्हणजे 6 किलोंची वाढ. दुसऱ्या वर्षात ती दोन-अडीच किलोंवर येते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. यात आजार नाही, रुसवा नाही आणि आईच्या हाताची चव गेली असंही नाही. एखाद्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी नुसती काकडी आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना थक्क करील एवढा भात, ही या वयाची रीतच आहे.

मोठ्यांना मात्र ही रीत सोसत नाही. मग मोबाइल समोर धरला जातो. पडद्यावर नाचणाऱ्या प्राण्यांकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचं तोंड आपोआप उघडतं आणि वाटीभर खिचडी आत जाते. पूर्वी चिऊ-काऊच्या नावाने घास भरवले जात. त्यात निदान मूल त्या घासाकडे बघत असे, हसत असे, नको असेल तर तोंड घट्ट मिटून घेत असे. पडद्यापुढे ते मिटणंच नाहीसं होतं. पोट भरल्याचा निरोप पोहोचायला जे लक्ष लागतं, तेच काढून घेतलेलं असतं.

त्यात शहरातल्या घराचं घड्याळ. आई-बाप थकून आठ वाजता घरी येतात, मूल पाळणाघरातून येतं, स्वयंपाक नऊपर्यंत होतो. दिवसभर न देता आलेला वेळ मग रात्रीच्या ताटात वाढला जातो. भात झाला की अर्धी पोळी, त्यावर केळं आणि निजताना बाटलीभर दूध. हे सगळं प्रेमच आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दहा-अकरा किलोंच्या मुलाचं जठर साधारण दोन वाट्यांचं. ते काठोकाठ भरून त्याला लगेच आडवं केलं, तर अन्न वर येणारच. मूल अर्ध्या रात्री खोकत उठतं, कधी गादीवरच उलटी करतं.

दुधाचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे दुधावर शंका घेणं पाप वाटतं. वर्षानंतरच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त प्यायलं की जेवणाची भूक मरते, शौचाला खडा होतो आणि रक्त कमी होतं, कारण दुधात लोह नगण्य असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 6 ते 59 महिन्यांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांत रक्ताची कमतरता आढळली. त्याची कारणं अनेक आहेत आणि गरिबी त्यात मोठी आहे. पण दूध-बिस्किटांवर पोसलेली खात्यापित्या घरांतली मुलंही त्यातून सुटत नाहीत. रात्रीच्या कित्येक पोटदुखींचं मूळ त्या दिवशीच्या जेवणात नसतं, चार दिवस साचलेल्या खड्यात असतं. उलट, डब्यातले गोड ज्यूस सतत पिणाऱ्या मुलाला ती साखर पचत नाही आणि दिवसभर पातळ होत राहतं. काही मुलं झोपेत अस्वस्थ होतात ती जंतांमुळे. सुतासारख्या बारीक जंतांची मादी रात्रीच गुदद्वाराशी येऊन अंडी घालते आणि त्या खाजेने मूल रडत उठतं. गोड खाल्ल्याने जंत होतात हा समज खोटा. ते येतात न धुतलेल्या हातांतून आणि नखांतून. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनी अंगणवाडीत मिळणारी गोळी म्हणूनच टाळू नये.

एवढं सगळं टाळता येण्याजोगं असताना आपण भरवत का सुटतो? मला याचं उत्तर माझ्या आईच्या हातात दिसतं. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांत वाटायची. त्या दिवसांत ताट सरकवणारं मूल कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे घरात धान्य आलं, तूप आलं, पण तिचा हात शेवटपर्यंत एक घास जास्तच वाढत राहिला. आपल्यापैकी अनेकांच्या हातांत ती भीती उतरली आहे. तिचा मान ठेवूनच मला म्हणायचं आहे की, ज्या घरात उद्याच्या जेवणाची खात्री आहे, त्या घरातल्या मुलाने कालच्या दुष्काळाची भूक भागवायची नसते.

मुलाच्या भुकेवर विसंबता येतं का, हे एका स्त्रीने कसोटीला लावून पाहिलं होतं. क्लारा डेव्हिस ही अमेरिकन डॉक्टर. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या 15 बाळांपुढे तिने वर्षानुवर्षं साध्या, ताज्या पदार्थांची ताटं ठेवली. यादीत 34 पदार्थ होते: फळं, भाज्या, धान्यं, दूध, अंडी, मांस. परिचारिकांना सक्त ताकीद होती की, आग्रह करायचा नाही, सुचवायचंही नाही. मुलाने हात पुढे केला तरच चमचा भरायचा. मुलं लहरी खात. एखादं काही दिवस एकाच पदार्थावर तुटून पडे. तरी सगळी धडधाकट वाढली. 1939 साली हे मांडताना डेव्हिसने स्वतःच बजावलं की, खरी किमया पदार्थांच्या यादीत होती. साखर आणि कारखान्यातलं खाणं त्या ताटांत नव्हतंच. म्हणजे ताटात काय असावं हे मोठ्यांनी ठरवायचं आणि त्यातलं किती पोटात जावं हे मुलाने. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हीच वाटणी सूत्र म्हणून सांगितली. मला ती फार न्याय्य वाटते.

विश्वास टाकायचा म्हणजे डोळे मिटायचे नाहीत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जॉन अॅप्ली यांनी 1958 मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दहांत एकाला वारंवार पोटदुखी होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात दोष सापडला नाही. त्यांनी डॉक्टरांना एक खूण दिली: दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी आजाराची शक्यता जास्त. गाढ झोपेतून उठवणारं दुखणंही डॉक्टर गांभीर्याने घेतात. दोन वर्षांच्या मुलाला तर बोट ठेवून दाखवताही येत नाही. कान ठणकला तरी ते पोटच धरतं. म्हणून हिरवी उलटी, शौचातून रक्त, टणक फुगलेलं पोट, कित्येक तास लघवी न होणं, कळ येऊन गेली की मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर हिंग-ओव्यात वेळ घालवू नये. आतड्यात आतडं शिरण्याचा आजार बहुतेक लहान वयातच होतो आणि त्यात तासांना मोल असतं. जुलाब लागले तर पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात कालवलेलं ओआरएस घोट घोट पाजत राहावं.

बाकीच्या रात्रींसाठी उपाय साधे आहेत, पण त्यांना धीर लागतो. दिवेलागणीनंतर लवकर मऊ भात, वरण, तूप. ताट लहान, घास मुलाच्या हातात. दूध जेवणावर नाही, मधल्या वेळी. जेवण आणि निजणं यांत तास-दीड तासाचं अंतर. मुलाने मान फिरवली की आपला हात खाली. आमच्या सुनेलाही हे सोपं गेलं नाही. भरवणं थांबवणं हे कुठल्याही आईला माया आवरण्यासारखं वाटतं.

पण मूल रात्री रडलं की त्याच्या पोटाचं म्हणणं आपण सगळे जागे राहून ऐकतो. तेच पोट दुपारी, संध्याकाळी, मिटलेल्या ओठांनी काही सांगतं, तेव्हा आपण ते हट्ट म्हणून मोडून काढतो. आपल्या भुकेची आणि आपल्या तृप्तीची ओळख ही माणसाला जन्मतः मिळालेली शिदोरी आहे. ती जपून त्याच्या हाती तशीच राहू देणं, हेही भरवण्याइतकंच मोठं पालनपोषण आहे.